आईला न सांगता तपासणी करून घेऊ का?

प्रश्न : माझी आई 69 वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. सात-आठ महिने झाले, दूधवाल्याला दोनदा पैसे देते. भिशीचा हिशोब जुळत नाही म्हणून रात्री वही घेऊन बसते. दिवाळीत तिने मला भाजणीचं प्रमाण विचारलं. मी ते तिच्याकडूनच शिकले. भाऊ म्हणतो, "वय झालंय, नसतं खूळ काढू नकोस." डॉक्टरांचं नाव काढलं की आई चिडते, "मला वेडी ठरवताय का?" स्मृतिभ्रंशावर औषधच नाही म्हणतात, मग आधी कळून उपयोग काय? बीपी दाखवायला म्हणून नेऊन गुपचूप तपासणी करून घेऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गुपचूप नेऊ नका. एकदा फसवलं गेल्याचं कळलं, तर त्या पुन्हा तुमच्याबरोबर दवाखान्याची पायरी चढणार नाहीत.

मी स्वतः डॉक्टर, तरी सासूबाईंचं विसरणं आम्ही दोन वर्षं वयावर ढकललं. मग एकदा फराळाचे डबे घासायला काढले, तर एकात चिठ्ठ्या निघाल्या. नातवंडांची नावं. 'गॅस बघणे.' आमचा मजला कितवा. एका शेजारणीच्या नावापुढे लिहिलं होतं, 'हिचे यजमान गेले, विचारू नये.' काय होतंय ते त्यांना आमच्या कितीतरी आधी कळलं होतं आणि आमच्याच घरात त्या एकट्या ते निभावत होत्या. त्याची टोचणी मला आजही आहे.

तुमच्या आई रात्री वही घेऊन बसतात हे वाचलं आणि त्या चिठ्ठ्या आठवल्या. त्यांना धास्ती आहे ती 'वेडी' या शब्दाची. म्हणून वहीपासूनच सुरुवात करा : "आई, हिशोबाला त्रास होतोय ना? तुला काय वाटतं?" आणि मग गप्प बसा. त्यांना बोलायला वेळ लागेल, लागू द्या. "काल काय जेवलीस सांग बरं" अशी परीक्षा मात्र घरी घेऊ नका. फार अपमान वाटतो.

तपासणीत घाबरण्यासारखं काही नसतं. 30 गुणांची तोंडी-लेखी चाचणी, घड्याळाचं चित्र काढणं, रक्तातलं बी-12 आणि थायरॉइड, बहुधा मेंदूचा एमआरआय. कानही तपासून घ्या. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही असंच विसरायला होतं आणि ते बरंच सुधारू शकतं. केवळ 'वय झालंय' म्हणत बसलो, तर ही संधी हातची जाते. भावाला हे जरूर सांगा.

आणि स्मृतिभ्रंशच निघाला तर? आजार मुळापासून बरा करणारं औषध आज नाही, हे खरं. काही औषधांनी काहींना काही काळ फरक पडतो, एवढंच. तरीही मी लवकर कळावं म्हणते, कारण आज तुमच्या आई स्वतःचं स्वतः ठरवू शकतात. मृत्युपत्र समज शाबूत असतानाच करता येतं. कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, पुढे उपयोगी पडेल असं अनेकांना वाटतं, पण करून देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की आपल्या कायद्यात तेही संपतं. घर, ठेवी, पुढे कुणाकडे राहायचं, कुणी आंघोळ घातलेली चालेल, हे त्यांनी सांगायचं आहे. सासूबाईंना आम्ही यातलं काहीच विचारू शकलो नाही. आम्हीच अंदाजाने ठरवत गेलो.

निदान झाल्यावर नातेवाईक मला केबिनबाहेर गाठून म्हणतात, "आईला सांगू नका हं." पूर्वी मी ऐकायचे. आता आधी पेशंटलाच विचारते, "जे निघेल ते तुम्हाला ऐकायचंय का?" काही जण नको म्हणतात, तो त्यांचा हक्क. पण बरेच जण हो म्हणतात.

जाताना कधीपासून काय बदललं ते तारखांसह लिहून न्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. भावालाही बरोबर घ्या. आणि डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत आईंना बसवा, तुम्ही दोघं शेजारी बसा.