हिपॅटायटिस सीची गोळी चालू असताना गुळवेल?

प्रश्न: डॉक्टर, आमच्या ह्यांना हिपॅटायटिस सी निघालाय, सोफोसबुविर-वेलपाटासविरची गोळी चालू आहे, डोकं दुखतं, मळमळतं, सासूबाई म्हणतात गुळवेलीचा काढा दे, देऊ का?

उत्तर: नको ताई. काढ्याने काही अपाय होत नाही हा आपला लाडका गैरसमज, २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मांडल्या होत्या, आणि ह्यांचं लिव्हर तर आधीच आजारी. मळमळीला चहात थोडं आलं किसून टाका, गोळी जेवणानंतर दिली तरी चालते. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध मात्र गोळीच्या ४ तास आधी नाहीतर नंतर, कारण पोटातलं अ‍ॅसिड कमी झालं की गोळीतलं वेलपाटासविर नीट शोषलं जात नाही. कोर्स साधारण १२ आठवड्यांचा, मध्येच सोडू नका, डोळे पिवळे दिसले तर लगेच दाखवा. सासूबाईंना कसं समजवायचं ते तुम्हीच बघा बुवा!