मांजरांच्या घरात कुत्र्याचे पिल्लू

प्रश्न : सांगलीत विश्रामबागेला आमचे दुमजली घर आहे. घरात चार वर्षांचा बोका आणि त्याची बहीण आहे. परके मांजर दारात दिसले तरी बोका अंगावर धावून जातो आणि नंतर पडद्यांवर लघवीचे फवारे मारतो. जतचे नातेवाईक आम्हाला कारवान कुत्र्याचे पिल्लू देऊ इच्छितात. ते आणावे का, आणि आणल्यास मांजरांशी त्याची ओळख कशी करून द्यावी?

उत्तर : गाल घासून आणि लघवी शिंपडून मांजर आपल्या हद्दीवर स्वतःचा वास ठेवत असते, तेथे परका वास आला की ते अस्वस्थ होते आणि फवारे वाढतात. बोक्याची नसबंदी झालेली नसल्यास ती आधी करून घ्यावी. तिचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागत असल्याने या वेतातले पिल्लू सोडून द्यावे लागले, तरी त्यात नुकसान नाही.

पिल्लाच्या जातीविषयी मात्र स्पष्ट लिहिणे भाग आहे. कारवान, म्हणजेच मुधोळ, हा नजरेने सावज हेरून त्यामागे धावणारा शिकारी कुत्रा आहे. मांजरांसोबत वाढलेला कारवान घरात त्यांना सांभाळून घेऊ शकतो. पण तेच मांजर अंगणातून पळू लागले, तर त्याची उपजत वृत्ती उसळणार नाही, याची हमी कोणी देऊ नये. निवडीस वाव असेल, तर शांत स्वभावाचे गावठी पिल्लू मी अधिक पसंत करीन. कोणतेही पिल्लू साधारण आठ आठवड्यांचे असताना आणावे, कारण सुमारे चौदा आठवड्यांपर्यंत ते नव्या प्राण्यांना सहज स्वीकारते. प्रौढ मांजरांचे तसे नसते, म्हणून ओळखीचा वेग त्यांनाच ठरवू द्यावा.

पिल्लाला खालच्या मजल्यावर एक बंद खोली द्यावी; मांजरांच्या जागा हलवू नयेत. पिल्लाचे अंग पुसलेले फडके मांजरांच्या जेवणाजवळ आणि मांजरांचे फडके पिल्लाजवळ ठेवावे. पुढे बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना जेवू घालावे आणि मांजरे निवांत खाऊ लागली, तरच ताटल्या दाराजवळ सरकवाव्यात. यास आठवडे, कधी महिनेही लागतात. पहिली समोरासमोर भेट पिल्लाला पट्टा लावूनच, काही मिनिटांपुरती घडवावी. पिल्लाच्या भुंकण्यापेक्षा त्याचे अंग ताठरणे आणि मांजरावर नजर रोखून स्तब्ध होणे अधिक धोक्याचे असते. तसे दिसताच भेट थांबवावी. मांजर फिसकारले म्हणून त्याला रागावू नये, ती त्याने दिलेली पूर्वसूचना असते.

माळा, कपाटाचा माथा आणि वरचा मजला मांजरांसाठी मोकळा असावा, आणि जिन्याला पिल्लू अडेल असे फाटक लावावे. शौचाची पात्रे वरच ठेवावीत; दोन मांजरांना तीन असावीत. कारवानच आणलात, तर मोठेपणीही त्याला मांजरांसोबत एकटे सोडू नये.

तिन्ही प्राण्यांचे रेबीजचे लसीकरण पूर्ण असावे. एखाद्या मांजराने दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे, कारण उपासाने मांजराच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचिडांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असते, जे मांजरांना विषारी आहे. तेव्हा औषध घेताना घरात मांजरे असल्याचे पशुवैद्यांना आवर्जून सांगावे.