रबरी शिक्का

प्रिय मित्रा,

तुझी पटकथा वाचली. तलाठी कार्यालयातला नायक बाविसाव्या पानावर देशाच्या परिस्थितीवर दीड पान बोलतो, तिथे मी पेन्सिल खाली ठेवली. मला चेक चित्रपट दिग्दर्शक यिर्झी मेंझेल आठवला.

प्रागचा हा मुलगा खरं तर नाटकवाला व्हायला निघाला होता. तिथे प्रवेश नाकारला, म्हणून 'फामू' या फिल्म स्कूलमध्ये गेला. १९६६ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याचा 'क्लोजली वॉच्ड ट्रेन्स' आला. कादंबरी बोहुमिल ह्राबालची, पटकथा दोघांची. नाझी अंमलाखालचं आडगावचं रेल्वे स्टेशन. आणि पडद्यावर काय दिसतं? रात्रपाळीचा एक रंगेल कर्मचारी तारखात्यातल्या मुलीच्या मांड्यांवर स्टेशनचे शिक्के उमटवतो! रीतसर चौकशी बसते. गुन्हा कोणता ठरतो? मुलीच्या अब्रूचा नाही, शिक्क्यांवरच्या जर्मन भाषेच्या विटंबनेचा. अख्खी परकी सत्ता त्या शिक्क्यात मावली. इतकं हसून झाल्यावर शेवटी तिथेच मरण येतं आणि ते जिव्हारी लागतं. १९६८ मध्ये ऑस्कर मिळालं.

पुढचं इतकं देखणं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरले. १९६९ मध्ये केलेल्या 'लार्क्स ऑन अ स्ट्रिंग'मध्ये कम्युनिस्ट राजवटीने भंगाराच्या आवारात 'सुधारायला' धाडलेली माणसं आहेत. त्यात एक सॅक्सोफोनवाला, कारण त्याचं वाद्यच भांडवलदारी ठरलेलं. चित्रपटावर बंदी आली. तो बाहेर आला थेट १९९० मध्ये, आणि त्याच वर्षी बर्लिनचं गोल्डन बेअर घेऊन गेला.

त्याच्याच काळातला चेक दिग्दर्शक मिलोश फोरमन अमेरिकेला गेला, मेंझेल राहिला. काही वर्षं चित्रपट मिळाला नाही. मग १९७४ मध्ये त्याने धरणावरच्या कामगारांचा, सरकारला रुचेलसा चित्रपट केला. त्याला भित्रा म्हणवत नाही, पण त्या चित्रपटाची बाजूही मला घेववत नाही. एवढं खरं, की त्यानंतर कॅमेरा पुन्हा हाती आला आणि १९८५ मध्ये 'माय स्वीट लिटल व्हिलेज' झाला. (१९९८ मध्ये ह्राबालच्याच एका कादंबरीच्या हक्कांवरून त्याने कार्लोव्ही व्हारी महोत्सवात एका निर्मात्याला छडीने बडवलं. हे त्याच्याकडून शिकू नकोस.)

आपल्या एफटीआयआयमधून बाहेर पडलेल्या शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी त्याच्यावर सात तासांहून लांब माहितीपट केलाय. मिळाला तर बघ, पण आधी ते स्टेशन बघ.

भाषण काढून टाक. दोन दिवस त्या तलाठी कार्यालयाच्या बाकावर नुसता बसून ये. टेबलावर काय पडलेलं असतं, शाईचं पॅड कोण ओलं करतं, ते टिपून घे. मग दुसरा खर्डा पाठव.

तुझा,
सर