कर-प्रश्नोत्तरे : परिपत्रक कोणाला बांधते?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात माझे हळदीचे लहानसे अडत दुकान आहे. शेतकऱ्यांची पोती सौद्यात विकून देणे आणि त्यावर अडत घेणे, एवढाच माझा व्यवसाय. २०२३-२४ या आर्थिक वर्षात दुकानावरून सुमारे चार कोटी रुपयांची हळद विकली गेली आणि मला अडत मिळाली ती सुमारे बारा लाख. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाची बिले) बहुतांशी रोखीने चुकत्या केल्या. आता लेखापरीक्षण का केले नाही, दंड का करू नये, अशी आयकर खात्याची नोटीस आली आहे. करसल्लागार १९८६ च्या एका परिपत्रकाचा आधार घ्या म्हणतात. इतका जुना कागद आजचा अधिकारी मानेल का?

उत्तर : आपले करसल्लागार योग्य जागी बोट ठेवत आहेत. ते परिपत्रक क्रमांक ४५२ असून केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ते १७ मार्च १९८६ रोजी काढले. अडत्या ‘कच्चा’ असेल, म्हणजे केवळ मालधन्याचा प्रतिनिधी म्हणून माल विकून देत असेल, तर आयकर कायद्याच्या कलम ४४अब च्या लेखापरीक्षणासाठी विक्रीची पूर्ण रक्कम नव्हे, तर फक्त ढोबळ अडत ही उलाढाल मानावी, असे त्यात सांगितले आहे. ‘पक्का’ अडत्या मात्र स्वतः मालक म्हणून व्यवहार करतो, म्हणून त्याची संपूर्ण विक्री उलाढालीत धरली जाते. लेखापरीक्षण सक्तीचे होण्यासाठी उलाढालीची मर्यादा एक कोटीची आहे. रोखीचे प्रमाण जमा आणि खर्च या दोन्ही बाजूंना पाच टक्क्यांच्या आत असेल तरच ती दहा कोटींवर जाते, आणि ती सवलत आपल्याला मिळणार नाही. म्हणून आपले सारे प्रकरण ‘कच्चा की पक्का’ या एकाच प्रश्नावर उभे आहे. दंड उलाढालीच्या अर्धा टक्का, कमाल दीड लाख रुपये असतो. आपण पक्के अडते ठरलात, तर चार कोटींच्या उलाढालीवर तो या कमाल मर्यादेपर्यंत जाईल.

परिपत्रक जुने असल्याने त्याचे बळ कमी होत नाही. आयकर अधिनियम १९६१ च्या कलम ११९ नुसार मंडळाचे आदेश व सूचना खात्याच्या अधिकाऱ्यांनी पाळायच्याच असतात, आणि करदात्याला अनुकूल परिपत्रक अधिकाऱ्यांवर बंधनकारक असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये यूको बँकेच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. करदाता आणि न्यायालय मात्र परिपत्रकाने बांधले जात नाहीत. २००८ मध्ये घटनापीठाने कायद्याशी विसंगत परिपत्रकाला अस्तित्वच नसते, असेही म्हटले. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला तरी आपले वर्ष जुन्या कायद्याखालचे आहे, त्यामुळे त्याचा इथे अडसर नाही.

तरीही एका गोष्टीची जाणीव ठेवावी. अमुक एका करदात्याचे प्रकरण अमुक रीतीने निकाली काढा, असे मंडळ अधिकाऱ्याला सांगू शकत नाही; कलम ११९ मध्येच ती मनाई आहे. म्हणून परिपत्रकाची प्रत जोडल्याने काम संपत नाही. आपण कच्चे अडते आहोत हे कागदांनीच दाखवावे लागेल. शेतकऱ्याच्या नावाने केलेली पट्टी, तिच्यातील वजन, दर आणि कापलेली अडत, खरेदीदाराचे बिल आणि दोघांच्या हिशेबांचा मेळ, हे सारे क्रमवार लावून द्यावे. सौद्यातील चढउताराचा नफा-तोटा शेतकऱ्याचाच असतो, आपला नसतो, हे त्यातून दिसले पाहिजे. भाव पडला असताना काही पोती आपण स्वतःच्या नावावर घेऊन गोदामात ठेवली आणि पुढे विकली असतील, तर ती विक्री वेगळी दाखवा. ती लपवली तर बाकीच्या खऱ्या पट्ट्यांवरचाही विश्वास उडेल. उत्तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत, आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवरच आणि लेखी द्यावे.

प्रश्न : कराडहून विचारते. ईमेलवर आलेली आयकराची नोटीस खरी की खोटी, हे कसे ओळखावे?

उत्तर : १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर दस्त ओळख क्रमांक छापण्याचे आदेश मंडळाने परिपत्रक १९/२०१९ ने दिले आहेत. ईमेलमधील कोणत्याही दुव्यावर न जाता आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर स्वतः जा आणि नोटीस पडताळणीच्या सोयीत तो क्रमांक टाका. त्यासाठी लॉगिन लागत नाही. तिथे ती आढळली नाही, तर ईमेलमध्ये मागितलेले पॅन, बँकेचा तपशील किंवा ओटीपी देऊ नका.