वाचकांचे प्रश्न : बागेच्या नकाशावर काकांनी लिहायचं कसं?

प्रश्न : नमस्कार सर. मी नाशिकला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि तिच्या नोंदींसाठी ब्राउझरमध्ये चालणारं ॲप करतेय. पडद्यावर बागेचा नकाशा. दोन बोटांनी मोठा केला की आधी प्लॉट, मग लाईनी, मग एकेक वेल दिसतो. हवं तिथे बोट ठेवून नोंद करायची : छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), फवारणी. नोंदी बाबा आणि काका लिहिणार, नंतर दुरुस्तही करणार. शीर्षक, यादी, ठळक अक्षरं आणि दुसऱ्या लाईनीकडे नेणारा दुवा, एवढंच हवंय. मजकूर एचटीएमएलमध्ये (वेबपानांची भाषा) ठेवू, मार्कडाउनमध्ये (साध्या चिन्हांनी शीर्षक, यादी दाखवायची पद्धत), की स्वतःची छोटी मार्कअप भाषा, म्हणजे खुणांची पद्धत, करू? मित्र म्हणतात, आयतं असताना खटाटोप कशाला?
– एक विद्यार्थिनी, दिंडोरी

उत्तर : स्वतःची कर. एरवी मीही तुझ्या मित्रांचीच री ओढली असती. नवी मार्कअप काढायची हौस बहुतेकदा प्रोग्रामरला असते, लिहिणाऱ्याला तिची गरज नसते. तुझ्याकडे मात्र लिहिणारा माणूस ठरलेला आहे आणि त्याचा कीबोर्डही.

काका संध्याकाळी कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्टमध्ये (मराठीची प्रमाण कीबोर्ड-मांडणी) टाईप करत असतील, तर जरा त्यांच्या शेजारी जाऊन बस. मार्कडाउनमध्ये शीर्षकाला हॅश लागतो, म्हणजे शिफ्ट-३. इनस्क्रिप्टमध्ये तिथे रकार बसलाय. ठळक करायला चांदणी, म्हणजे शिफ्ट-८, तिथून श्र उमटतो. अंडरस्कोर मागितला तर विसर्ग, कोलनच्या जागी छ, चौकटी कंसाच्या जागी ड. एका शीर्षकासाठी कीबोर्ड इंग्रजी करा, खूण द्या, परत मराठीवर या! काका एकदोनदा करतील आणि सोडून देतील. मराठी लेआउट न हलवता हाताशी उरतं ते डॅश, टिंब, स्वल्पविराम, गोल कंस आणि एंटर. यातूनच काय ते उभं कर. (तू म्हणशील, व्हॉट्सॲपवर लोक चांदण्या टाकून अक्षरं ठळक करतातच की. माझ्या माहितीतल्या बागायतदारांच्या ग्रुपवर ती करामत फक्त औषधवाले करतात.)

मार्कडाउन वाईट नाही. जॉन ग्रूबरने २००४ मध्ये ती आणली तेव्हा वेबवर लेख लिहिणारी मंडळी समोर होती, बागेत उभा राहून नोंद करणारा माणूस नव्हता. म्हणून तिचे काही नियम तुझ्या घरी उलटे पडतील. काका प्रत्येक काम नव्या ओळीवर लिहितील. मार्कडाउन त्या ओळी जोडून एक परिच्छेद करते. नोंद संपली म्हणून खाली तीन डॅश मारले, की वरचा अख्खा परिच्छेद शीर्षक होऊन बसतो. ‘१.’ असा देवनागरी आकडा घालून केलेली यादी तिला यादी वाटतच नाही, कारण नियमात फक्त इंग्रजी अंक आहेत. आणि चांदणीत चांदणी अडकली तर काय, यावर एकमत व्हावं म्हणून २०१४ मध्ये कॉमनमार्क नावाची वेगळी नियमावली करावी लागली. चार खुणांसाठी एवढं लटांबर नको.

एचटीएमएलबद्दल थोडक्यात : तुझा नकाशा ज्यावर उमटेल तो कॅनव्हास, म्हणजे ब्राउझरमधली चित्रफळी, ते थेट काढत नाही, आणि ब्राउझरच्या संपादकात कुठून तरी मजकूर आणून चिकटवला की त्याच्यासोबत स्पॅन, रंग, फॉन्ट असा सगळा गोतावळा येतो. दोन वर्षांनी फाइल उघडलीस तर काकांचे शब्द शोधावे लागतील.

आता तुझी भाषा. नियम ओळीचा ठेव, ओळीच्या आतला नको. ओळीची सुरुवात पाहून तिचा प्रकार कळला पाहिजे, पुढचं-मागचं काही लक्षात ठेवायला लागू नये. जेमिनी प्रोटोकॉलसाठी (वेबसारखीच, पण साध्या मजकुराची पानं पोचवायची पद्धत; गूगलचं जेमिनी नव्हे) केलेलं गेमटेक्स्ट असंच आहे. तिथे ओळीची पहिली तीन अक्षरं पाहिली की प्रकार ठरतो. तुझी नोंद अशी दिसेल (इतर वाचकांसाठी : थॉमसन ही द्राक्षाची जात, बोर्डो हे फवारणीचं औषध, डाऊनी हा रोग) :

प्लॉट २, थॉमसन
- बोर्डो एक टक्का मारला
- डाऊनीचे डाग (लाईन १४)
. लाईन १५ ते २० राहिल्या

पहिली ओळ नेहमी शीर्षक, तिला खूणच नको. डॅश आणि जागा म्हणजे यादी. ओळीच्या आतला अपवाद एकच : कंसात ‘लाईन’ आणि आकडा आला, आणि तेवढ्या आकड्याची लाईन नकाशात खरंच असली, तर तो दुवा; नसली तर तो साधा कंस. हे पक्कं धर : न कळलेली कुठलीही गोष्ट म्हणजे मजकूर. ‘चूक आहे’ असा लाल संदेश या ॲपमध्ये कधीच येता कामा नये. हीच नोंद कॉपी करून कोणाला पाठवली तरी ती जशीच्या तशी वाचता येते, हा वरचा फायदा.

टिंबाने सुरू होणारी ओळ म्हणजे ठळक. अख्खी ओळ, मधला एखादा शब्द नाही. तुला हे कमी वाटेल, पण इथेच तुझा नकाशा कागदाहून वेगळा आहे. कागदावर ठळक म्हणजे जाड अक्षर. मोठ्या-लहान होणाऱ्या पडद्यावर जाडी फारशी उपयोगाची नाही. लांबून पाहताना जाड काय आणि बारीक काय, सगळ्याचाच मुंगळा होतो. तिथे ठळक याचा अर्थ ‘दुरूनही दिसू दे’ असा घे. अख्खी बाग पडद्यावर असताना प्लॉटवर फक्त शीर्षकं दिसू देत. थोडं जवळ गेलं की टिंबाच्या ओळी, आणि लाईनपाशी पोचल्यावर सगळी नोंद. म्हणजे काका दुरूनच बघतील की दोन नंबरात काहीतरी राहिलंय. जवळ जाल तसा नुसता आकार नाही, मजकूरही बदलावा, हा विचार जुना आहे. केन पर्लिन आणि डेव्हिड फॉक्स यांनी १९९३ मध्ये ‘पॅड’ नावाची अशी पाटी मांडली होती.

जागा, रुंदी, अक्षराचा आकार यातलं काहीही मजकुरात घुसू देऊ नकोस. चौदा पॉइंट म्हणजे कोणत्या झूमवर? एक्स, वाय आणि रुंदी वेगळ्या रकान्यांत, मजकूर वेगळ्या. २०२४ मध्ये आलेल्या जेसन कॅनव्हासची (अशा पाटीवरच्या नोंदी साठवायची फाइल-रचना) बांधणी बघ, तिथे हीच विभागणी आहे.

कॅनव्हासचं फिलटेक्स्ट (अक्षरं काढणारी आज्ञा) आपणहून ओळ मोडत नाही, ते तुलाच करायचंय. मोजताना एकेका अक्षराच्या रुंदीची बेरीज करू नकोस. ‘शि’मधली वेलांटी साठवली जाते श-नंतर आणि दिसते श-आधी, जोडाक्षरात तर मूळ अक्षरांचा आकारच राहत नाही. पूर्ण शब्दच मेजरटेक्स्टला (रुंदी मोजणारी आज्ञा) दे. आणि ओळी एकाच ठरलेल्या मापावर मोडून ठेव, मग झूम काहीही असो, त्याच मोडलेल्या ओळी लहान-मोठ्या करून काढ. दर झूमला नव्याने मोजलंस तर लहान आकारात रुंदी पूर्ण पिक्सेलमध्ये धरली जाते, एखादा शब्द उगाच खालच्या ओळीत उतरतो आणि नकाशा हलवताना नोंदी नाचायला लागतात.

दुरुस्तीसाठी स्वतःचा कर्सर बनवण्याच्या फंदात पडू नकोस. नोंदीवर बोट टेकलं की नकाशा वाचण्याजोगा जवळ आण आणि त्या जागी साधा टेक्स्टएरिया (ब्राउझरची लिहायची चौकट) ठेव, आत कच्चा मजकूर खुणांसकट. फोनचा मराठी कीबोर्ड शब्द जुळवत असताना मध्येच मजकूर बदलत असतो. तो व्याप ब्राउझरला निस्तरू दे. आयफोन असेल तर त्या चौकटीतली अक्षरं १६ पिक्सेलच्या खाली नकोत, नाहीतर सफारी स्वतःचं झूम करते आणि तुझ्या झूमची वाट लागते. बाहेर बोट टेकलं की चौकट काढ आणि पुन्हा चित्र. साठवायचं ते काकांनी टाईप केलेलंच, तू काढलेलं रूप नव्हे.

प्रश्न : गोदाकाठच्या घाटांचा आणि देवळांचा असाच झूम होणारा नकाशा मी निवृत्तीनंतर हौसेने करतो आहे. लांबून पाहताना नावं मावत नाहीत म्हणून पहिली चार अक्षरं ठेवून पुढे तीन टिंबं देतो. ‘नाशिक रोड’ बरं दिसतं, पण ‘त्र्यंबकेश्वर’चं ‘त्र्…’ होतं. असं का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : संगणक मोजतो ती अक्षरं तुमची-आमची नाहीत. त्र्यंबकेश्वर आपल्याला पाच अक्षरी. संगणकाला त्यात १३ तुकडे दिसतात, कारण प्रत्येक हलन्त, मात्रा, अनुस्वार तो सुटा धरतो. पहिले चार म्हणजे त, हलन्त, र, हलन्त. जावास्क्रिप्टमध्ये (ब्राउझरची प्रोग्रामिंग भाषा) इंटल सेगमेंटर आहे, त्याच्याकडून तुकडे करून घ्या. पण ब्राउझर जुना असेल तर तोही हलन्तापाशी तोडतो. जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांसाठीचं संगणकी मानक) २०२३च्या १५.१ आवृत्तीत आला. जुन्या ब्राउझरसाठी एक साधी तपासणी घाला : तुकडा हलन्ताने संपत असेल तर पुढचा त्याला जोडा. खरं तर माझं मत विचाराल तर नावं कापूच नका. जागा नसेल तर नाव दाखवू नका. रामकुंडाशेजारी ‘त्र्यं…’ वाचून कोणाला काय बोध होणार?

प्रश्न : झूम होणाऱ्या शेताच्या नकाशावर खूप जवळ गेलं की खुणा आणि अक्षरं थरथरतात, बाजूला उड्या मारतात. जीपीएसचे आकडे तर बरोबर आहेत.
– एक वाचक, सातपूर

उत्तर : जावास्क्रिप्टचे आकडे ६४ बिटांचे, पण ग्राफिक्स कार्डाकडे जाताना ते सहसा ३२ बिटांचे होतात. नाशिकचं रेखांश ७३.८च्या आसपास. त्या पट्ट्यात ३२ बिटांच्या लागोपाठच्या दोन आकड्यांत जमिनीवर साधारण ८० सेंटिमीटरचं अंतर पडतं, म्हणजे त्यामधली जागा त्याला सांगताच येत नाही. शेताचा एक कोपरा शून्य धरा, बाकी सगळं तिथून मीटरमध्ये मोजा आणि ती वजाबाकी कार्डाकडे पाठवण्याआधी करा.