व्हीलचेअर, पायऱ्या आणि एटीआर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: बाबांना कण्याच्या दुखापतीमुळे पाय हलवता येत नाहीत. कोल्हापूरहून विमानाने न्यायचे आहे. तिकीट काढताना ‘व्हीलचेअर हवी’ या चौकटीत खूण केली. एवढे पुरे का? (इचलकरंजी)

उत्तर: नाही, आणि बहुतेकांची अडचण इथूनच सुरू होते. विमान कंपन्या व्हीलचेअरच्या मदतीचे तीन प्रकार मानतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात, फक्त लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, पण आत सीटपर्यंत चालता येते. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावेच लागते. बाबांसाठी तिसराच हवा. नुसत्या खुणेवर अनेकदा पहिला प्रकार पडतो. मग खुर्ची ढकलणारा माणूस येतो आणि विमानाच्या पायऱ्यांपाशी सगळे एकमेकांकडे बघत उभे राहतात.

उड्डाणाच्या किमान 48 तास आधी कंपनीला फोन करा, तिसरा प्रकार नोंदवायला सांगा आणि नोंद झाल्याचा ईमेल मागा. त्याच फोनवर विमान कोणते तेही विचारा. एटीआर 72, म्हणजे पंख्याचे छोटे विमान, असेल तर प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि पायऱ्या त्या दारालाच जोडलेल्या असतात, अरुंद आणि उभ्या. म्हणून नेमका प्रश्न असा विचारा: “रॅम्प आहे, अँब्युलिफ्ट म्हणजे खुर्ची दारापर्यंत वर उचलणारी गाडी आहे, की माणसे उचलून नेणार? विमानातल्या मधल्या वाटेतून (आइलमधून) नेता येणारी अरुंद आइल चेअर कोल्हापूरला आहे का, आणि उतरायच्या ठिकाणी?” उतरायच्या ठिकाणाची चौकशी हमखास राहून जाते.

सीट मागच्या ओळींतली घ्या, दार जवळ पडते. एटीआरमध्ये पहिल्या ओळीपाशी आपत्कालीन दारे असतात, त्यामुळे ती मिळणार नाही. आइलच्या बाजूचा सीटचा हात वर होतो का ते बसायच्या आधी पाहा. तो पक्का बसवलेला वाटला, तरी पुष्कळ सीटांना हाताच्या खालून, बिजागरीपाशी, बोटाने चाचपडून सापडेल अशी बारीक खिटी असते. ती दाबली की हात उचलला जातो आणि बाबांना सरळ बाजूने सरकवता येते. नाहीतर सीटच्या हातावरून उचलावे लागते, त्यात नितंब घासून कातडी सोलवटते. संवेदना नसल्यामुळे ते त्यांना कळतही नाही.

उचलायला दोन माणसे हवीत. एकाने मागून काखेतून हात घालून बाबांच्या मनगटांना धरायचे, दुसऱ्याने गुडघ्यांच्या वर, मांड्यांखाली हात घालायचे. पँटचा पट्टा धरून कुणालाही उचलू देऊ नका. पायाला झटके येत असतील तर उचलण्याआधीच सांगा. खुर्चीची गादी काढून सीटवर घ्या. ती हवेची असेल तर वर गेल्यावर फुगते, म्हणून थोडी हवा सोडावी लागते. उतरल्यावर मात्र ती भरायला विसरू नका, कारण कमी हवेच्या गादीत हाड थेट तळाला टेकते. पंप हातातल्या पिशवीत ठेवा.

प्रश्न: माझी घडीची खुर्ची विजेवर चालते. बॅटरी लिथियमची, 24 व्होल्ट, 12 अँपिअर-अवर. चालेल का? (नाशिक)

उत्तर: चालेल. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा: 288 वॉट-अवर. बॅटरी काढून न्यायची असल्यास एका बॅटरीला 300 ची मर्यादा आहे, दोन बॅटऱ्या लागत असतील तर प्रत्येकी 160. काढलेली बॅटरी केबिनमध्येच न्यायची, सामानात कधीच नाही. टोकांना चिकटपट्टी लावून ती वेगळ्या पिशवीत ठेवा. तीच बॅटरी 20 अँपिअर-अवरची असती तर 480 झाले असते, आणि काढून नेता आली नसती. जेल किंवा एजीएम (न सांडणारी, शिशाची) बॅटरी सहसा खुर्चीतच राहते, फक्त वायर सोडवून टोके झाकायची. कोणतीही असो, कंपनीला आधी कळवून मंजुरी घ्या.

अडते ते बॅटरीवरच्या लेबलापाशी. आकडा पुसट असेल किंवा वॉट-अवर छापलेलेच नसतील तर तपासणीला शंका येते. उत्पादकाचे पत्र छापून सोबत ठेवा. वजन आणि घडी केल्यावरची मापेही कळवा, कारण एटीआरचे सामान मुख्यतः पुढच्या दाराने चढते आणि छोट्या विमानतळावर खुर्ची बहुधा हातांनीच उचलली जाते. जॉयस्टिक सुटत असेल तर काढून जवळ घ्या. तिला धरून खुर्ची उचलली की वायर तुटते. खुर्चीवर हिंदी-इंग्रजीत कागद चिकटवा: कुठे धरायचे, कुठे नाही, मोटर न्यूट्रल कशी करायची.

प्रश्न: काउंटरवर डॉक्टरचे प्रमाणपत्र मागितले. द्यावे लागते का? (लातूर)

उत्तर: फक्त चढ-उतारासाठी मदत हवी असेल तर नाही. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमात तसे स्पष्ट आहे. नियमाची प्रत फोनमध्ये ठेवा आणि ड्यूटी मॅनेजरला दाखवा. अपंगत्वामुळे विमानातून उतरवलेल्या जीजा घोष यांना सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये दहा लाखांची भरपाई मिळवून दिली, हेही सांगा. ऑक्सिजन लागत असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रमाणपत्र खरोखर लागते.

प्रश्न: खुर्ची मोडून परत आली तर? (पणजी)

उत्तर: सामानाच्या हॉलमधून बाहेर पडू नका. चाके फिरवून, ब्रेक लावून, फूटरेस्ट बघून तिथल्या तिथे पीआयआर, म्हणजे सामानाच्या नुकसानीचा अहवाल, लिहून घ्या आणि त्याचा क्रमांक मागा. चेक-इनच्या वेळी काढलेले फोटो इथे कामी येतात. लेखी तक्रार सात दिवसांत करा. दाद लागली नाही तर विमान प्रवाशांच्या तक्रारींचे सरकारी एअरसेवा पोर्टल, आणि त्यापुढे दिव्यांगजनांचे मुख्य आयुक्त.