काठवट कोरायला गोल पटाशी कुठून आणू?

प्रश्न: कडुनिंबाचा ओला बुंधा मिळालाय, त्याची आईसाठी काठवट करतोय, तिला कळण्याची भाकरी लाकडातच मळायची असते. पण साध्या पटाशीने मधला खड्डा होतच नाही, कोपरे रुततात. गोल पटाशी इथे दुकानात मिळेना, ऑनलाईन सेट महाग. काय करू?
– एक वाचक, चोपडा

उत्तर: भाऊ, सेट घेऊच नका. त्यातल्या निम्म्या पटाश्या बारीक नक्षीच्या असतात, तुम्हाला एकच रुंद, बाकदार पाहिजे आणि ती लोहार करून देतो. भंगारातून गाडीच्या कमानपाट्याचा (चाकाजवळच्या स्प्रिंगच्या पट्टीचा) तुकडा आणा, पण छोट्या गाडीचा, ट्रकचा पाटा ठोकून पातळ करता करता लोहार वैतागेल. जुनी कानसपण चालते, फक्त आधी दाते पूर्ण घासून काढा, नाहीतर तिथूनच तडा जातो. आणि मे-जूनात जाऊ नका, तेव्हा वखराच्या पासा पाजवायची गर्दी असते, तुमच्या पटाशीला कोण विचारतंय!

गोलाई आधीच नीट सांगा. पटाशीचा बाक काठवटीच्या खड्ड्यापेक्षा जास्त गोल पाहिजे, कमी असला तर तिचेपण कोपरे रुतणार, म्हणजे दुखणं तेच राहिलं. पुढचं टोक चमच्यासारखं थोडं वर वळवून घ्या म्हणजे मूठ काठाला अडत नाही. तापवून लाल केलेली पट्टी उभ्या कापलेल्या पाईपात ठेवून वरून गोल सळई ठोकली की बाक येतो (गॅल्वनाईज पाईप नको, तापल्यावर जस्ताचा धूर भलताच वाईट). धार बाहेरच्या अंगाने काढायची.

आता पाणी द्यायचं, म्हणजे तापवून एकदम बुडवून कडक करायचं, ते तेलात, साध्या पाण्यात हे स्टील तडकू शकतं. चुंबक चिकटायचं बंद झालं की अजून थोडं तापवून बुडवा. तेवढ्यावर सोडलं तर ठिसूळ राहतं आणि मोगरीच्या दणक्याने धारेचा तुकडा उडतो, म्हणून घासून चकचकीत करून परत हलकं तापवायचं, २०० ते २३० अंशाच्या आसपास पिवळसर झाक येते, तिथेच थांबा. निळी पडली तर धार मऊ झाली, परत पहिल्यापासून.

कोरताना काठाकडून तळाकडे या, दोन्ही बाजूंनी मधापर्यंत, उलटं गेलात तर रेषा उपटतात. शेवटी तुटलेल्या करवतीच्या पात्याचा तुकडा गोल घासून त्याने खरवडा, सँडपेपर निम्मा वाचतो.

बुंध्याच्या अगदी मधोमधचा गाभा काठवटीत येऊ देऊ नका, आला की तडा ठरलेलाच. आणि कोरून झाल्यावर गोणपाटात गुंडाळून सावलीत वाळवा, चोपड्याच्या उन्हात ठेवली तर संध्याकाळपर्यंत उललेली सापडेल.